चौदा नंबरची पीकपाहणी

गुरुनाथ तेंडोलकर यांनी चौतीस वर्षं तलाठ्याची नोकरी केली आणि तेवढ्या काळात त्यांचा मातीशी संबंध आला तो फक्त बुटांचा चिखल काढताना, असं त्यांच्या पत्नी सुहासिनी सांगतात. गुरुनाथ हे नाकारत नाहीत. तलाठ्याने माती उकरायची नसते, कोणी उकरली ते लिहायचं असतं, एवढीच दुरुस्ती ते करतात.

त्यांची मुलगी स्वप्ना आयर्लंडमध्ये कासलबारच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तीन वर्षांपूर्वी तिने आईवडिलांना कुडाळहून इकडे आणलं. पहिले सहा महिने गुरुनाथ नुसते चालत. परगावचा माणूस गाव बघत फिरतो तसं नव्हे. कुंपणं कुठे वाकली आहेत, ओढा कोणाच्या हद्दीतून जातो, कोणता बांध नंतर घातलेला आहे, हे बघत चालत. गावाबाहेरच्या डोंगरउतारावर गवताखाली समांतर उंचवटे दिसतात. ते बटाट्याचे जुने वाफे. दुष्काळात त्यांचे मालक मेले किंवा बोटीत बसून गेले आणि वाफे होते तसे राहिले. लोक तिथे गाड्या थांबवून गप्प उभे राहतात. गुरुनाथही उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "पावणेदोनशे वर्षं पड." मग ही जमीन सध्या कोणाच्या नावावर आहे, असं त्यांनी मुलीला विचारलं. स्वप्नाला ठाऊक नव्हतं. गुरुनाथांना ते उत्तर पटलं नाही.

या चौकशांना कंटाळून स्वप्नाने त्यांचं नाव स्टेशनमागच्या सामुदायिक बागेच्या यादीत घातलं. तिथे बावीस वाफे आहेत, एकेक साधारण दोन खाटा जोडल्यावर होईल तेवढा. वर्षभराने चौदा नंबर मिळाला. पत्र आलं, त्यावर एकच नाव होतं. या गोष्टीचं महत्त्व कळायला कुडाळची बाजू माहीत हवी. तेंडोलकरांची तिथली वडिलोपार्जित जमीन सव्वीस गुंठे आणि तिच्या सातबाऱ्यावर नावं एकेचाळीस. त्यातली नऊ माणसं हयात नाहीत, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि एकजण कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. दुसऱ्यांच्या जमिनींची आयुष्यभर नोंद ठेवलेल्या या माणसाला स्वतःच्या एकट्याच्या नावावर जमीन मिळाली ती अडुसष्टाव्या वर्षी, आयर्लंडच्या पश्चिम टोकाला. पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, पासपोर्टांच्या शेजारी ठेवलं.

त्यांनी लावलं अळू. गावातल्या आफ्रिकन दुकानात अळकुड्या मिळतात, त्यातल्या डोळे फुटलेल्या वेचून आणल्या. वर निळ्या पाइपाच्या कमानी आणि प्लास्टिक टाकून बुटका बोगदा केला. इथल्या मेयो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वाफा मिळाल्यावर बटाटा न लावणं हे घरी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं आहे, पण लोक सभ्य असल्यामुळे कोणी काही बोललं नाही. बागेच्या अध्यक्ष नोरीन निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी समुद्रावरचं शेवाळ पोतंभर आणून दिलं आणि मातीत घालायला सांगितलं. ऑगस्टमध्ये पानं सुपाएवढी झाली. सुहासिनींनी अळूवड्या केल्या, चिंच-गूळ घालून फदफदं केलं, बावीस वाफ्यांवर वाटलं. नोरीननी वडी खाल्ली, पानाकडे पाहिलं, पुन्हा वडीकडे पाहिलं आणि ग्रँड असं म्हणाल्या. इकडे या शब्दाचा अर्थ उत्तम असा होतो आणि बरं आहे असाही होतो, त्यामुळे तो सुरक्षित आहे.

नोव्हेंबरात हिमतुषार पडला आणि पानं काळी होऊन एका सकाळीत झोपली. गुरुनाथांनी वर पेंढा घातला, काळं प्लास्टिक टाकलं, कडेला दगड ठेवले आणि विषय संपवला. फेब्रुवारीत पुतण्याच्या लग्नाला दोघं कुडाळला गेली.

बागेला नियम आहेत. त्यातला सातवा असा, की एप्रिलअखेर ज्याच्या वाफ्यात काहीही लागवड नसेल त्याचा वाफा काढून यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावा. नियम जुना आहे आणि एकदाही वापरलेला नव्हता. वार्षिक सभेत नोरीन तो दरवर्षी वाचून दाखवत आणि पाहणी कोण करील असं विचारत. सभा छताकडे बघे. मग चहा होई. यंदाही नोरीननी विचारलं. कुडाळहून नुकतेच परतलेले गुरुनाथ उभे राहिले आणि या कामाचा आपल्याला चौतीस वर्षांचा अनुभव आहे, असं म्हणाले. खोलीत जी शांतता पसरली ती त्यांनी आदराची समजली.

त्यांनी पंधरा दिवसांची नोटीस फाटकावर लावली. जाडजूड वही आणून रकाने आखले. अनुक्रमांक, धारकाचं नाव, क्षेत्र, पीक, पाण्याचं साधन, शेरा. पाण्याच्या साधनाखाली बावीसही ठिकाणी त्यांना 'पाऊस' असंच लिहावं लागलं, पण रकाना काढायला ते तयार नव्हते. नोटिशीचा परिणाम चांगला झाला. दोन वर्षं ज्यांचे वाफे गवताने भरलेले होते त्यांच्याकडे आदल्या आठवड्यात कांद्याच्या रोपांच्या शिस्तबद्ध रांगा उगवल्या. गुरुनाथांना आनंद झाला, कारण कुडाळातही असंच होई.

एप्रिलच्या तीस तारखेला ते वही घेऊन फिरले. प्रत्येक वाफ्याशी उभे राहत, बघत, लिहीत. प्रत्येकाने चहा विचारला आणि पाहणी चालू असताना चहा घेत नाहीत असं सांगून त्यांनी बावीस वेळा नाकारला. नेमका आकडा एकवीस, कारण चौदा नंबरला चहा विचारणारं कोणी नव्हतं. तिथे ते कडेच्या फळीवर उभे राहिले. पाइपाच्या कमानी, काळं प्लास्टिक, दगड. मधे एक चतकोर प्लास्टिक वाऱ्याने उडालेलं आणि खाली ओली माती. हिरवं काहीही नाही. कांद्याची दहा रोपं त्यांनाही लावता आली असती. पण नोटीस निघाल्यानंतर केलेली लागवड पाहणी करणाऱ्याने स्वतःच धरायची, हे त्यांना गैर वाटलं. इतरांची त्यांनी धरली. स्वतःपुढे त्यांनी लिहिलं, पड. शेऱ्यात लिहिलं, नियम सात.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं तेव्हा सुहासिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "चवतीस वर्सां कोणाची जमीन घेऊक नाय तुमी," त्या म्हणाल्या, "आणि हंय येवन आपलीच घेतलास."

स्वप्नाने नोरीनना फोन केला. नोरीन म्हणाल्या, हे काही कोणी मनावर घेणार नाही. पण गुरुनाथांनी वहीची सहीशिक्क्याची वाटावी अशी प्रत समितीला दिलेली होती, सोबत पासपोर्टांशेजारचं पत्रही परत केलं होतं. कागद मागे घ्या म्हटल्यावर ते म्हणाले, कशाच्या आधारे. नोरीननी नाइलाजाने यादीतल्या पुढच्या माणसाला चौदा नंबर देऊ केला.

आणि इथे गुरुनाथांच्या अनुभवात न बसणारी गोष्ट घडली. कोणी तो घेईना. यादीतला पहिला माणूस वर्षभर नोरीनना रस्त्यात अडवून वाफ्याबद्दल विचारत होता. त्याची पाठ धरली. दुसरीच्या बहिणीचं डंडॉकला बाळंतपण निघालं. तिसऱ्याने विचार करून सांगतो म्हटलं आणि सुपरमार्केटात नोरीन दिसल्या की तो दुसऱ्या रांगेत जाऊ लागला. चौथी स्पष्टवक्ती होती. तिने विचारलं, तो म्हातारा जिवंत आहे ना, मग त्याच्या जागेत मी कशी जाऊ?

या काउंटीत दीडशे वर्षांपूर्वी कुळांना शेतातून काढत. तेव्हा लोकांनी ठरवलं, की ज्या जमिनीवरून एखाद्याला हुसकावलं ती दुसऱ्याने घ्यायची नाही. घेतली तर त्याला दुकानात सामान मिळत नसे आणि चर्चमध्ये शेजारी कोणी बसत नसे. इंग्रजीत बहिष्काराला जो शब्द आहे तो मुळात इथल्याच एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचं आडनाव. जमीनदार गेले, कारभारी गेले, जमिनी कुळांच्या झाल्या, त्यांच्या नातवंडांनी त्यांवर बंगले बांधून भाड्याने दिले. सवय मात्र राहिली. गुरुनाथांनी महसूल खात्यातल्या रिवाजाप्रमाणे एक साधी नोंद केली होती आणि गावाने ती जमिनीवरून हुसकावणं म्हणून वाचली. हुसकावणारा आणि हुसकावलेला एकच माणूस आहे, या तपशिलाने कोणाला काही फरक पडला नाही.

मग घरी लोक येऊ लागले. ब्राउन ब्रेड आला, अंडी आली, रुबार्बचा जाम आला. दारात उभं राहून हवेबद्दल बोलायचे, डबा द्यायचे आणि गुरुनाथांकडे न बघता जायचे. सुहासिनींना वाटलं, आपल्याला न सांगता कोणीतरी वारलं आहे. डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून त्यांनी त्यात रव्याचे लाडू, चकल्या, तिखट शंकरपाळे भरून पाठवले. तिकडच्यांना वाटलं, काय हे मोठं मन, आणि डबे पुन्हा भरून आले. मे महिन्याच्या मध्यावर निम्म्या बागेची भांडी तेंडोलकरांच्या प्रेसमध्ये होती.

गुरुनाथ मात्र बसल्या जागी बारीक होत चालले. सकाळी नेमाने फिरायला निघत, पण स्टेशनच्या बाजूला वळत नसत. एकदा स्वप्नाने गाडीतून मुद्दाम त्या रस्त्याने नेलं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला आणि बाग मागे पडेपर्यंत पुसत राहिले.

यादीतलं पाचवं नाव पुआलानी हिचं होतं. ही बाई हवाईतल्या काउआई बेटावरची. तिचा नवरा कासलबारचा सुतार. तिकडे घरं बांधायला गेला होता, येताना तिला घेऊन आला, त्याला वीस वर्षं झाली. ती लायब्ररीत काम करते. तिला या काउंटीचा इतिहास माहीत होता, पण यादीतल्या आधीच्या चौघांनी नकार का दिला हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण अशा गोष्टी इथे सांगत नाहीत. तिने वाफा घेतला आणि एका मंगळवारी काटा-फावडं घेऊन आली.

प्लास्टिक उचललं, पेंढा बाजूला केला आणि ती थांबली. मातीतून बोटभर गुलाबीसर कोंब वर आले होते, गुंडाळी करून ठेवलेल्या कागदासारखे. एकदोन नव्हते, सगळा वाफा होता. तिने एका कोंबाभोवतीची माती हाताने सारली, खालचा कंद चाचपला, माती पुन्हा लोटली, पेंढा घातला, प्लास्टिक टाकलं, दगड ठेवले. फावडं न वापरता ती नोरीनकडे गेली आणि म्हणाली, हे कोणाचं आहे?

शनिवारी सकाळी बागेतल्या शेडमध्ये समिती बसली. गुरुनाथांना मंगळवारीच कोंबांचं सांगून बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, सोबत सुहासिनी. पुआलानीने टेबलावर लाकडाचं एक झाकणाचं भांडं ठेवलं होतं आणि शेजारी वर्तमानपत्रावर मातीसकट एक कोंब.

तिने सरळ गुरुनाथांना विचारलं, "तुमचा रिपोर्ट मी वाचला. पड म्हणजे काय?"

"ज्यात पीक नाही ती."

"तुम्ही खणून बघितलं?"

"पाहणी खणून करत नाहीत."

"मग काय बघता?"

"वर जे दिसतं ते."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरोखरच समजून घेत होती. "आमच्याकडे याला पाहणी नाही म्हणत," ती म्हणाली. "जवळून जाणं म्हणतात."

गुरुनाथांनी तो कोंब उचलला. नखाने साल खरवडली, वास घेतला, बोटांत चोळला. मग तो खाली ठेवला आणि दोन मिनिटांत अंगठा पँटवर घासायला लागले. कच्चं अळू खाजतं. सुहासिनींनी पर्समधून आमसूल काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्या कुठेही आमसुलाशिवाय जात नाहीत.

नोरीननी संधी साधली. झालं ते झालं, वाफा तेंडोलकरांचा होता आणि आहे, वही आपण विसरून जाऊ, चहा घेऊ. गुरुनाथ म्हणाले, विसरणं ही कार्यपद्धती नाही. वाफा आता कायदेशीररीत्या या बाईंचा आहे आणि दयेपोटी नोंद फिरवता येत नाही, उद्या कोणीही फिरवील. समितीतल्या एकाने चिडून सांगितलं, की ही गाजरांची बाग आहे, भूमी अभिलेख कार्यालय नव्हे. गुरुनाथांनी सरकारी इंग्रजीत उत्तर दिलं, ज्यात 'उपरोक्त' हा शब्द तीनदा होता. दुसरा कोणीतरी म्हणाला की दोष नियमाचाच आहे. तिसरी म्हणाली की नियम तूच लिहिला होतास. आवाज चढले.

पुआलानीने भांड्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

आत जांभळट राखी रंगाचा घट्ट लगदा होता. दुकानातल्याच अळकुड्या उकडून, दगडाने कुटून केलेला. तिने सांगितलं, की तिच्या घरी हे भांडं उघडं असताना भांडायचं नसतं. का, तर त्यांच्यात अशी गोष्ट आहे. पहिलं मूल मेलेलं जन्मलं. त्याला घराशेजारी पुरलं. तिथून जे उगवलं ते हे झाड. माणूस त्याच्यानंतर जन्मला, धाकटा भाऊ. म्हणून अळू हा थोरला. धाकट्याने त्याची राखण करायची, त्याने धाकट्याला जेवू घालायचं. भांडं उघडं असलं की थोरला पानावर बसलेला असतो, त्याच्यासमोर आवाज चढवत नाहीत.

हे इतकं साध्या आवाजात सांगितलं गेलं, की मतभेद असलेल्यांनाही खाण्यावाचून काही करता येईना. दोन बोटं बुडवून खायचं. शेडमध्ये बराच वेळ कोणी बोललं नाही. मेयोतल्या समितीच्या इतिहासात हे नवीन असावं. सुहासिनींनी दोनदा घेतलं आणि नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, मीठ नाय, पण वायट नाय.

गुरुनाथांनी एकदाच घेतलं. मग त्यांनी न विचारता एक हकीकत सांगितली. आरोस की आंबेरी, गाव त्यांना आठवत नव्हतं. चैत्रात त्यांनी एका बाईचा डोंगराकडचा तुकडा पड लिहिला. दुसऱ्या दिवशी ती चावडीत आली आणि मातीने माखलेला सुरणाचा गड्डा टेबलावर, उघड्या रजिस्टरवर ठेवून उभी राहिली. त्यांनी तिला सांगितलं, की वर दिसेल ते लिहायचं असा नियम आहे. रजिस्टरवर पडलेला डाग त्यांनी नंतर खोडरबराने काढायचा प्रयत्न केला होता. बाईचं नाव आठवत नाही म्हणाले, आणि नाव न आठवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी, कारण ते पुढे काही वेळ नुसते आमसूल चोळत बसले.

"वाफा तुमचा नाही असं मी म्हणत नाही," पुआलानी म्हणाली. "पण मला तो घ्यायचा तर त्यात काही नव्हतं हे खरं असायला हवं. ते खरं नाही. आता काय करायचं ते तुम्ही सांगा, तुम्हाला या कामाचा अनुभव आहे."

मार्ग एकच होता आणि तो त्यांना मंगळवारपासून ठाऊक असणार. वाफा परत मिळायचा तर दया नको, विसरणंही नको. पाहणी चुकली होती, एवढंच पाहणी करणाऱ्याने लिहून द्यायचं. चौतीस वर्षांत त्यांच्या एकाही पाहणीवर अपील टिकलं नव्हतं. हे त्यांच्या निरोपसमारंभात तहसीलदारांनी भाषणात सांगितलं होतं.

त्यांनी वही मागितली. चौदा नंबरची ओळ काढली. पड हा शब्द खोडला नाही, त्यावर फक्त एक रेघ मारली, कारण मूळ नोंद वाचता आली पाहिजे. वर लिहिलं, पीक अळू. शेऱ्यात लिहिलं, पाहणी फळीवरून केली, माती उकरली नाही, सबब नोंद चुकीची. खाली सही केली आणि तारीख घातली. अंगठा अजून खाजत असल्यामुळे सही जरा फिसकटली आहे.

नोरीन ग्रँड असं म्हणाल्या. या वेळी त्याचा अर्थ कोणता ते सगळ्यांना कळलं.

समितीने निर्णय घेतला, की चुकीच्या नोंदीवर दिलेला वाफा दिलेला धरू नये. यावर पुआलानी उठून भांड्याचं झाकण लावू लागली, तेव्हा गुरुनाथ म्हणाले, थांबा. पट्टी घेतली आणि वहीत उजव्या कडेला एक नवीन रकाना आखला. वर लिहिलं, इतर हक्क. नोरीननी विचारलं, हा कशाला? ते म्हणाले, हा नसेल तर उतारा पुरा होत नाही. त्या रकान्यात त्यांनी पुआलानीचं नाव तिला स्पेलिंग विचारून नीट लिहिलं. पुढे लिहिलं, निम्मं पीक, आणि लागवडीस देठ.

देठाचा मुद्दा तिचा होता. त्यांच्याकडे अळूचा कंद काढला की वरचा देठ बोटभर कंदासकट कापून पुन्हा लावतात. तेच झाड पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि देठ विकत नाहीत, मागेल त्याला देतात. गुरुनाथांनी याबद्दल बरेच प्रश्न विचारले. मागणाऱ्याची नोंद ठेवतात का, हा त्यातला शेवटचा. ठेवत नाहीत, असं कळल्यावर त्यांनी ते कसं चालतं म्हणून आणखी अर्धा तास काढला.

पाहणीचं काम त्यांनी सोडलेलं नाही. फक्त आता ते गुडघ्यावर बसतात, बोट मातीत घालतात आणि मग लिहितात. बावीस वाफ्यांना एक दिवस पुरत नाही. मधे चहा घेतात. सुहासिनींच्या प्रेसमधले डबे अजून सगळे परत गेलेले नाहीत आणि ते कधी जातील असं वाटतही नाही.

ऑक्टोबरात दोघांनी मिळून अळू काढलं. यादीतला पहिला माणूस, ज्याची पाठ धरली होती, तो ते बघायला आला आणि लाजत लाजत देठ मागता झाला. पुआलानीने दिला. त्याला स्वतःचा वाफा नाही, म्हणून तो चौदा नंबरच्याच कोपऱ्यात लावला. गुरुनाथांनी वही काढून इतर हक्कांत त्याचं नाव घातलं.

रात्री जेवताना त्यांनी स्वप्नाला सांगितलं, की चौदा नंबरवर आता तीन नावं झाली. कुडाळचा उताराही असाच सुरू झाला असला पाहिजे, असं ते म्हणाले, आणि अळूवडीचं ताट पुढे ओढलं.